चाळीस चौकटी, चाळीस पल्ले

आमच्या बाबांना सुतारकामातलं सगळं येतं, "चुकलं" म्हणणं सोडून. त्यामुळे त्या दिवशी काय घडलं ते मलाच सांगायला हवं. त्यात माझीही एक चूक आहे. ती आल्यावर मी लपवणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

शेजारच्या देशातली लढाई थांबून वर्ष झालं होतं. सरहद्दीपलीकडच्या एका गावातली चाळीस घरं आमच्या सरकारने बांधून द्यायची ठरवली आणि दारांचं काम आमच्या कारखान्याकडे आलं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, बाबा, मी, दोन सुतार आणि रंगारीकाका. बाबांची छाती जी फुगली ती खाली यायचं नाव घेईना. जो भेटेल त्याला सांगायचे, "परदेशात माल चाललाय आपला." परदेश म्हणजे लॉरीने साडेतीन तास. भाषाही तीच, फक्त बोलण्याचा हेल जरा वेगळा. पण बाबांना कोण सांगणार?

दारात दोन वस्तू असतात. भिंतीत बसते ती चौकट आणि उघडतो-मिटतो तो पल्ला. कागदावर माप एकच असलं तरी लाकूड कागद वाचत नाही. एक चौकट दोन सूत जास्त भरते, दुसरी तीन सूत कमी; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पल्ला त्याच्या चौकटीत उभा करून, रंधा मारून, तिच्यापुरता बसवतात आणि दोघांवर पेन्सिलीने एकच आकडा घालतात. पल्ल्यावरचा आकडा वरच्या कडेवर असतो. ती कड आम्ही कधीच रंगवत नाही.

चौकटी दोन महिने आधी गेल्या, कारण भिंत उठतानाच त्या बसवाव्या लागतात. पल्ले मागे राहिले आणि बाबांच्या डोक्यात अब्रूचं वारं शिरलं. "वरची कड कोरडीच? तिकडचे लोक काय म्हणतील? नाक कापून घ्यायचंय का?" रंगारीकाकांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" बाबा कडाडले, "चारी बाजूंनी मारा! तीन हात!" काकांनी मारले. मी त्या आठवड्यात तापाने घरी पडले होते, आणि दोघा सुतारांची बाबांपुढे तोंड उघडायची टाप नव्हती.

आम्ही गावात पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. गावकरी तीन वर्षं शाळेच्या मोठ्या खोलीत राहत होते, पडदे लावून, कुटुंबाला एक चौकोन. सगळे रांगेत उभे राहिले आणि आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला कसंतरीच झालं. त्यांनाही झालं असणार, कारण टाळ्या मोजून-मापून होत्या, पाहुण्यांसमोर मुलांना वाजवायला लावतात तशा. घेणाऱ्याने हात पुढे करायचा आणि देणाऱ्याने मान ताठ ठेवायची, यात कोणाला मजा येते?

सरपंचबाईंनी नियम सांगितला. चार वाजता मदतखात्याचे तपासनीस येणार. ज्या घराचं दार लागेल आणि आतून कडी बसेल, त्याच घराचा ताबा मिळणार. राहिलेल्यांनी दोन महिने थांबायचं, पुढच्या फेरीपर्यंत.

"दोन महिने?" मागून आवाज आला. एक ठेंगणी शिंपीणबाई पुढे झाली. "अहो, तीन वर्षांत मला नवऱ्याशी एकदा धड भांडता आलेलं नाही. 'हूं' म्हटलं तरी चाळीस घरं कान टवकारतात. मला आज दार लागायलाच हवं. खूप साठलंय."

तिचा नवरा, कापडवाला, शेजारी खाली मान घालून उभा होता. "माझंही साठलंय," तो हळूच म्हणाला. सगळे फिसकन हसले. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. मनात म्हटलं, हिचं दार मी स्वतः बसवणार.

पहिलं घर न्हावीदादांचं. पल्ला उभा केला, तर चौकटीत शिरेना. अर्धा इंच जास्त. लॉरीत ओल धरली असेल, असं मी ठरवून टाकलं. मला थांबायची सवय नाही; रंधा काढला आणि चार सूत छिलून टाकलं. दार बसलं. न्हावीदादांनी ते सात वेळा उघडलं, सात वेळा लावलं आणि आठव्यांदा आतच राहिले.

दुसऱ्या घराचा पल्ला मात्र इतका ढिला, की फटीतून हात घालून आत कोण आहे विचारता आलं असतं. तेव्हा कुठे मी आकडा बघायला वरची कड पाहिली. हिरवागार रंग, चकचकीत. दुसरा पल्ला पाहिला, दहावा पाहिला. सगळीकडे तेच.

चाळीस पल्ले, चाळीस चौकटी, आणि कोण कोणाचं ते देवालाच ठाऊक. त्याहून वाईट म्हणजे न्हावीदादांच्या दाराला लावलेला पल्ला दुसऱ्या कुठल्यातरी चौकटीचा होता आणि तो मी छिलून बसले होते. ती चौकट आता पोरकी झाली होती. बाबांना सांगितलं का? नाही.

"बाबा," मी एवढंच म्हणाले, "आकडे रंगाखाली गेलेत."

बाबांनी कडेवरून बोट फिरवलं; खरवडावं तर रंगाबरोबर पेन्सिलही जाणार. रंगारीकाकांनी आकाशाकडे पाहिलं. टेपने मोजून बघितलं, पण गवंड्यांनी बसवताना चौकटी किंचित कललेल्या, आणि फरक एकेका सुताचा. टेपला पत्ता लागेना. उभं करून बघण्यावाचून इलाज नव्हता.

"आतापासून रंध्याला कोणी हात लावायचा नाही," बाबांनी हुकूम सोडला. "एक चुकीचा छिलला की दुसरं घर उघडं पडेल." मी माझा रंधा पिशवीत खोल सारला.

मग बाबा सरपंचबाईंकडे गेले. आधी हवेचं बोलले, मग रस्त्याचं. शेवटी म्हणाले, "बाई, आम्ही मदत करायला आलोय, पण... तुम्ही जरा मदत कराल का?"

मग सरपंचबाई जी हसायला लागली! हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि ओरडली, "ऐकलंत का? दारांचा घोळ झालाय! उचला!"

सकाळच्या त्या मोजक्या टाळ्यांची माणसं कुठे गेली कळलंच नाही. चौघे चौघे मिळून पल्ले उचलून गल्ल्यांतून धावू लागले. एका वळणावर दोन दारं समोरासमोर आली आणि कोणी मागे हटेना. "आमची मुलगी उंच आहे, कोणाकडे उंच चौकट आहे का?" एक आजोबा ओरडत फिरत होते. "बाजू डावी की उजवी?" "डावी, पण स्वभावाने गरीब!" पल्ला बसला की त्या घरातून आरोळी उठायची आणि सरपंचबाई भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. मास्तरांच्या घरी सहा स्थळं नापसंत झाली. सातवं असं बसलं की मास्तरांनी पल्ल्याचाच मुका घेतला. बाबा छिन्नी-पेचकस घेऊन बिजागऱ्या आवळत घरोघर पळत होते, आणि प्रत्येक घरी कोणीतरी त्यांना "अहो मिस्त्री, जरा बसा की" म्हणत होतं. मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. मीही खुश झाले असते, पण प्रत्येक आरोळीला मनात एकच येत होतं: एक कमी झालं, आता ते पोरकं घर जवळ आलं.

सव्वातीनला भिंतीवर एकोणचाळीस रेघा झाल्या. उरलं एक घर. शिंपीणबाईचं.

उरलेला पल्ला आणला. उभा केला. बाजूला अर्धा इंच फट राहिली. कडी चौकटीपर्यंत पोचेचना. शिंपीणबाईने फटीत बोट घातलं आणि पलीकडे काढलं.

"हा न्हावीदादांचा पल्ला," मी म्हणाले. "या बाईंचा पल्ला मी सकाळी न्हावीदादांच्या घरी छिलून बसवला. आकडा न बघता. मला माहीत होतं बाबा, आणि मी बोलले नाही."

मला वाटलं, आता चारचौघांत खरडपट्टी निघणार माझी. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "मी रंग फासला, तू रंधा मारलास," ते म्हणाले. "घराण्याचं नाव काढलं दोघांनी. चल, पट्टी शोध. अर्धा इंच जाडीची, पल्ल्याएवढी लांब."

पण पट्टी आणायची कुठून? आमच्याकडे एक ढलपीसुद्धा नव्हती आणि गावातलं असलेलं लाकूड तीन हिवाळ्यांत चुलीत गेलेलं.

शिंपीणबाई शाळेकडे पळत गेली. परत आली ती हातात कापड मोजायची लाकडी मीटरपट्टी घेऊन. जाड, जुनी, वापरून गुळगुळीत झालेली. "ही चालेल?"

मी टेप लावला. जाडी बरोबर चार सूत. "चालेल, पण एकच मीटर आहे. दार दोन मीटर."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"माझी?" कापडवाला म्हणाला. "अगं, दुकान कशावर लावू?"

"टेप आहे की माझा. तो घ्या."

तो निघाला. जाताना पुटपुटला ते सगळ्यांनी ऐकलं, आणि तो येईपर्यंत वर तिची मीटरपट्टी बसेल की त्याची, यावर शिंपीणबाईने आम्हाला तिची बाजू पटवूनही दिली. बाबांनी तिचीच वर घेतली. दोन्ही पट्ट्या बिजागऱ्यांच्या कडेला सरस लावून ठोकल्या आणि लांब स्क्रू पट्टीतून थेट पल्ल्यात घातले. स्क्रू मीच पिळले. एकही वाकडा गेला नाही.

तपासनीस आले तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी चाळीसही दारं पाहिली. शिंपीणबाईचं दार उघडून कडेवरचे आकडे वाचले, एक ते शंभर आणि पुन्हा एक ते शंभर. "हे काय?"

"आमच्याकडची पद्धत," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तपासनिसांनी दार लावलं, कडी घातली, काढली, आणि सही केली.

शिंपीणबाई आत गेली. मागोमाग कापडवाला. दार मिटलं. कडी बसल्याचा आवाज आला आणि अख्खं गाव गल्लीत श्वास रोखून उभं राहिलं. न्हावीदादाही आपल्या घरातून एकदाचे बाहेर आले. आधी काहीच नाही. मग तिचा आवाज चढला, मग त्याचा, मग दोघांचा एकदम. सरपंचबाईने पल्ल्याला कान लावला. बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू ती त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा निकाल सांगणार होती.

"आवाज येतोय," ती म्हणाली, "पण शब्द एकही कळत नाही."

"मग दार नीट बसलंय," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांना हाताने मागे सारायला लागले. "चला, चला. घर त्यांचं आहे."