टाळ्या मिळालेला तंतू

मी एक जुना काचतंतू आहे, मित्रांनो. प्रकाश या टोकापासून त्या टोकाला पोचवणारा, केसासारखा बारीक, प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर रिळाला गुंडाळलेला. लोक मला बघून ‘किती सुंदर!’ म्हणतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते ऐका.

माझा जन्म काचेच्या एका कांडीतून झाला. वरच्या भट्टीत कांडीचे टोक वितळले, त्यातून मला ओढले आणि खालच्या दुसऱ्या भट्टीतून सावकाश निववायचे ठरले. ही दुसरी भट्टी इथे संशोधन करणाऱ्या ताईंनी उभारलेली. गरम काचेतले कण सारखे हलत असतात. त्यांना नीट बसायला वेळ दिला, तर तंतूतून जाणारा प्रकाश वाटेत कमी विखुरतो, असे त्यांचे म्हणणे. घाईने निववलेली काच म्हणजे मुले जागेवर बसायच्या आत काढलेला वर्गाचा फोटो. खर्च देणाऱ्या पाहुण्यांना हे पटले नाही, तर भट्टी मोडीत निघणार होती. ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

त्यांच्या गतीने रीळ पाहुणे येईपर्यंत भरणार नव्हते. अर्धे रीळ दाखवायचे कसे, जरा वेग वाढवा, म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी भुणभुण लावली. ताई नको नको म्हणत होत्या. शेवटी त्यांनीच बटण फिरवले. मी धावत सुटलो आणि आतून कुठे दाट, कुठे विरळ असा थिजलो.

पाहुणे आले. दिवे मालवून माझ्या एका टोकातून लाल प्रकाश सोडला, आणि काय सांगू, सगळे रीळ झगमगले! टाळ्या पडल्या, साहेबांची कळी खुलली. माझे दुसरे टोक मिणमिणत होते, पण तिकडे बघतो कोण? ताई गप्प बसल्या असत्या, तरी भट्टी वाचली असती.

त्यांचा चेहरा उतरला होता. “हा उजेड तुम्हाला दिसायलाच नको होता,” त्या म्हणाल्या. “तो वाटेतच सांडतोय. घाई मी केली.”

साहेबांनी मान खाली घातली. वेग आपणच वाढवायला लावला, असे तेही पुटपुटले. पाहुण्यांतल्या एका आजींनी विचारले, कांडी उरलीये का? उरली होती. त्या खुर्ची ओढून बसल्या.

त्याच कांडीतून माझा धाकटा भाऊ निघाला, भट्टीच्या कलाने. त्याच्यात प्रकाश सोडला तेव्हा रीळ जेमतेम उजळले, पण टोकाशी ताईंनी धरलेल्या तळहातावर लख्ख लाल ठिपका पडला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. भट्टी मात्र राहिली.

मित्रांनो, मला अजून पेटवतात, नव्या लोकांना चूक दाखवायला. तुम्ही आलात, तर माझ्या झगमगाटाला भुलू नका. माझे दुसरे टोक तळहातावर धरा, आणि काय पोचले ते बघा.