हजाराव्या तक्रारीचे दरवाजे

आमच्या नगर जागृती मंचाच्या अहवालात १९९८ साल काय देखणं दिसतं म्हणून सांगू! जानेवारीत स्वच्छता फेरी, मार्चमध्ये महिला मेळावा, जुलैत गोदाकाठी झाडं, ऑक्टोबरमध्ये रक्तदान. सगळं मीच टाइप केलंय. मी मोहिनी, मंचाच्या ऑफिसातली पगारी चिटणीस. आणि 'तक्रार केंद्राने हजार तक्रारी सोडवण्याचा टप्पा गाठला' हे शेवटचं वाक्यही माझंच. ते आठवलं की आजही माझं टाळकं सटकतं.

ही हजारावी तक्रार शकुबाईची. कॉलेज रोडला चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई, राहायला संबोधीनगरात. जूनमध्ये आली, जय भीम घातला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, संडासला दरवाजे नायत."

तो संडास आमच्याच मंचाने बांधलेला. बाहेर संगमरवरी पाटीवर सगळ्यांची नावं. देखभालही आमच्याकडे. साठ घरांना दहा संडास, आणि तीन वर्षांत दहाच्या दहा दरवाजे सडून पडलेले. एक बाई आत बसायची, दुसरी पुढे चादर धरून उभी राहायची.

"मी म्हातारी, मला काय," शकुबाई म्हणाली. "पन नात दहावीला हाय माझी. राखी. संडासला जावं लागंल म्हणून दिवसभर पानीच पीत नाय. दोनदा ताप भरला. लघवीला आग होती म्हणून रडती. डॉक्टर म्हणतो, पोरी, पानी पी. आता पिऊन जावं कुठं, ते बी सांग म्हणावं की!"

मी तक्रार लिहून घेतली. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं एक पिवळं कार्ड असायचं. काम झालं की तक्रारदाराची कार्डावर सही घ्यायची. सही झाली की तक्रार सुटली, आणि दाराबाहेरच्या फळ्यावरचा आकडा एकाने वाढायचा. गर्गे सर येता-जाता तो आकडा बघायचे. हे आमचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य.

राखीची सहामाही तापात बुडाली. दरवाज्यांचं काम काही हलेना. मी दर बैठकीत विषय काढायचे, दर बैठकीत 'पुढच्या बैठकीत घेऊ' व्हायचं. शेवटी डिसेंबर उजाडला तेव्हा भद्रकालीतल्या सुताराकडे काम गेलं. मी स्वतः जाऊन पाहिलं. दहा दरवाजे, ओल्या रंगाचे, बिजागऱ्या लावून भिंतीला टेकवलेले. सोमवारी बसवतो, म्हणाला. मला काय आनंद झाला!

त्या दिवशी फळ्यावर आकडा होता नऊशे नव्व्याण्णव. गर्गे सर म्हणाले, "मोहिनीबाई, वीस तारखेला वार्षिक सोहळा आहे. पत्रिका छापायला द्यायच्यात. हजार लिहू ना?"

आणि मी मूर्ख बाई, कार्ड घेऊन संबोधीनगरात गेले.

"बसले की करते ना सही," शकुबाई म्हणाली.

"अहो, मी या डोळ्यांनी पाहिलेत दरवाजे. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

होता ना. तोच तर होता. तिने हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली, शकुंतला सोमा पगारे.

सोमवार गेला, दुसराही सोमवार गेला. सुतार म्हणाला, "बाई, दरवाजे तर तुमच्याच माणसांनी उचलून नेले." मी सरांना विचारलं. "सुरक्षित आहेत हो," ते म्हणाले. "तक्रार बंद झालीय, कार्डावर सही आहे. आता एवढी घाई कसली?"

घाई कसली! माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. नोकरी होती ना.

वीस तारखेला, रविवारी सकाळी, गंगापूर रोडच्या हॉलवर गेले. सूत्रसंचालन माझ्याकडेच. स्टेजवर मागे ओळीने दहा उंच बोर्ड, पांढरा कागद चिकटवलेले. वर लिहिलेलं, 'वर्षाचे टप्पे'. फेरीचे फोटो, मेळाव्याचे फोटो, झाडाला पाणी घालताना सर. छान दिसतंय म्हणून जवळ गेले, तर बोर्डाच्या कडेला बिजागऱ्या. अगं आई गं! कागदाचा कोपरा उचलून पाहिला, आत तोच रंग.

"उगाच वेगळे बोर्ड कशाला, म्हटलं," सर सहज म्हणाले. "जानेवारीत देणगीदार येणार आहेत, तोवर ऑफिसात राहू देत. मग बसवू."

"सर, ती पोर आजारी आहे!"

"मोहिनीबाई, आवाज. पाहुणे आलेत."

खुर्च्या भरायला संबोधीनगरातून वीसेक बाया टेंपोने आणल्या होत्या. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मग सत्काराला हजाराव्या तक्रारदार म्हणून शकुबाईचं नाव मीच पुकारलं. ती वर आली. सरांनी शाल पांघरली, नारळ दिला. ती माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसली. पंधरा दिवस तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला खरंच सहन होईना. माइक हातातच होता.

"शकुबाई, मी तुमच्याकडून खोटी सही घेतली. तुमचे दरवाजे हे काय, तुमच्या पाठीमागे उभे आहेत."

शकुबाई वळली. बिजागरीवरून बोट फिरवलं. मग नारळ सरांच्या हातात परत दिला आणि खाली बघून ओरडली, "भिमाबाई, वर या गं समद्या! दोघी-दोघी धरा एकेक!"

बाया वर चढल्या. गर्गे सर नारळ घेऊन इकडून तिकडे. "अहो, हे काय! निदान फोटो तरी काढून घेऊ द्या!"

"आन् फोटोमागं बसावं व्हय आमी?" शकुबाई म्हणाली आणि दरवाजा उचलला.

आल्या त्याच टेंपोत दरवाजे घातले. मीही चढले. नोकरी गेलीच होती, मग आता भीती कसली?

भिमाबाईच्या नवऱ्याने, हिरामणने, दुपारपर्यंत पहिला दरवाजा बसवला. कागद फाडायलाही कुणी थांबलं नाही. त्यावर फीत कापणारे सर तसेच होते. "त्यांचं तोंड भाईर ठेवा रे!" कुणीतरी म्हणालं आणि सगळी वस्ती खदखदून हसली.

राखी आली. काडीसारखी पोर. तिने दरवाजा लावून बघितला, आतून कडी घालून बघितली, बाहेर आली आणि आजीला म्हणाली, "पाणी दे." तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. मग अजून एक मागितला.

बाया हसत होत्या. मी मात्र तोंड फिरवून रडले, आणि ते रडणं रागाचंच होतं. सहा महिने ती पोर तहान मारत होती, आणि ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी माठ रोज भरलेला असायचा.