ताईंनी तपासलंय

थोरल्या जावेच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं. दोघी जावा एकाच वेधशाळेत. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे असतात ना, त्यांतल्या एकाचे रेडिओ ठोके मोजायचे आणि ती जोडी गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताप्रमाणेच जवळ येतेय का ते बघायचं, हे दोघींचं काम. थोरलीने त्यात केस पांढरे केले. दर वर्षी उत्तर एकच, सिद्धांत बरोबर. त्याला कोण टाळ्या वाजवतं? आणि ही कालची आलेली धाकटी. हिच्या जोडीचे ठोके म्हणे सिद्धांताला जुमानत नव्हते! सासूबाईंनी तर शेजारणींना सांगूनही टाकलं, "आमच्या धाकटीने मोठमोठ्यांना खोटं पाडलं." थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं ती काय माशा मारत होती?

त्यात धाकटी सगळे आकडे घेऊन तिच्याकडेच आली. "ताई, शुक्रवारी सगळ्यांपुढे मांडायचंय. त्याआधी तुम्ही एकदा बघा ना."

थोरलीने बघितलं, आणि चूक सापडली. वेधशाळेचं घड्याळ किंचित मागेपुढे होतं. तो फरक ठोक्यांच्या वेळेतून काढावा लागतो. नवं यंत्र तो आपोआप काढतं. धाकटीने तो हातानेही काढला होता, म्हणजे दोनदा. सिद्धांत जागच्या जागी होता. थोरलीची पोटदुखी पळाली.

"बघितलंत?" धाकटीने भांडी पुसताना विचारलं.

"बघितलं. छान मांडलंयस," थोरली म्हणाली, आणि पुढे तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. पडू दे तोंडावर, चारचौघांत.

शुक्रवारी ती मुद्दाम पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर शीर्षक आलं, खाली दोघींची नावं. पहिलं थोरलीचं.

शेवटचं एक चित्र उरलं असताना संचालकांनी विचारलं, "घड्याळाचा फरक नीट तपासलाय?"

"ताईंनी तपासलंय," धाकटी म्हणाली. "मला कोण ओळखतं, सर? पण ताईंचा आकडा आजवर चुकलेला नाही."

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या, पहिल्या तिलाच. तिला धाकटीचा मनापासून राग आला. ही बया धड जळूसुद्धा देत नाही.

ती उठली. "फरक दोनदा काढलाय. शोधबिध काही नाही."

"हे कधी कळलं तुम्हाला?" संचालकांनी विचारलं.

थोरलीने धाकटीकडे बघितलं. "तू भांडी पुसत होतीस ना, तेव्हा मला माहीत होतं."

धाकटीने पुढच्या चित्रासाठी उचललेला हात खाली घेतला.