जंगलाकडचा काठ

लग्नानंतर दीप्ती आणि राजदीप मालवणला गेले होते. तिथून राजदीपने पाण्याखाली बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी आणली होती. मार्चमध्ये सासुरवाडीला आल्यावर त्याने ती बॅगेतून काढली, तेव्हा दीप्तीचा मोठा भाऊ रत्नपाल हसला.

"भाऊजी, चोरखमाऱ्याच्या तलावात काय मासे पाहता? ताटात पाहा."

तरी जेवून तिघं निघाले. रत्नपालने मित्राचा डोंगा मागून घेतला आणि बांबूला आईचं जुनं लुगडं शिडासारखं बांधलं. वारा भरला, डोंगा वल्ह्याविना सरकू लागला. दीप्ती टाळ्या वाजवत होती.

पलीकडच्या काठाला अभयारण्याचं जंगल थेट पाण्यात उतरलं होतं. तिकडे पाणी निवळ होतं.

"तिकडं बंदी हाये," रत्नपाल म्हणाला.

"आपण कुठं मासे धरून राहिलो? पाहाचेच तर हायेत," राजदीप म्हणाला.

रत्नपालने डोंगा तिकडे वळवला.

राजदीप चष्मा लावून पालथा तरंगू लागला. एकदा डोकं वर काढून ओरडला, "दीप्ती, खाली झाडं हायेत! उभीच्या उभी!" मग त्याने बुडी मारली. थोड्या वेळाने नळी एकटीच वर आली.

रत्नपालने कमरेचा चाकू काढून उडी घेतली. बंदीच्या पाण्यात कोणीतरी चोरून जाळी लावली होती, वाळल्या खोडांना बांधून. वर काहीच दिसत नव्हतं. डोंग्यात दीप्ती एकटी, आणि वारा डोंगा लांब ओढत होता. तिला पोहता येत नव्हतं. डोंगा थांबावा म्हणून तिने लुगडं ओरबाडून खाली पाडलं.

तेवढ्यात दोघं वर आले. राजदीपची मान लुळी पडली होती, पण हात हलत होते. रत्नपाल डोंग्याजवळच होता. त्याच्या पायाला काहीतरी खाली खेचत होतं.

"दीपे!" त्याने हात पुढे केला.

दीप्तीने लुगड्याचं टोक राजदीपकडे फेकलं. त्याला डोंग्याच्या काठाशी ओढून घेऊन ती वळली, तेव्हा पाणी सपाट होतं.

दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी रत्नपालला बाहेर काढलं. पोटरीला जाळं गुंडाळलेलं होतं.

राजदीपने सगळ्यांना सांगितलं, की रत्नपाल वर आलाच नाही. माणसं पांगल्यावर आई सुमनबाईने लेकीला जवळ बसवलं.

"खरंच वर नोहता आला?"

"आला होता, माय. मी यांच्याकडं लुगडं फेकलं."

सुमनबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "तो पोहणारा होता. तुले वाटलं असन, तो येईन."

"हाव," दीप्ती म्हणाली. तिला तसं काहीच वाटलं नव्हतं. त्या वेळी तिला फक्त नवऱ्याचा हात दिसला होता.

कुडव्याला आपल्या घरी परतल्यावर दीप्तीने हे सांगितलं, तेव्हा राजदीप चिडला. "सांगतलं काऊन? कोणी पाहालं होतं का?"

"तिनं विचारलं," दीप्ती म्हणाली. त्यानंतर दोघं त्या दुपारबद्दल बोलले नाहीत. राजदीप कामावरून उशिरा येऊ लागला. आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

आषाढात दीप्ती रोवण्याला माहेरी गेली. दिवसभर मायलेकी शेजारी शेजारी वाकून धान लावत होत्या. संध्याकाळी सुमनबाईने तिला वाढलं, वर आणखी भात घातला.

"जवाई बरे हायेत ना?"

"हायेत."

सुमनबाईने भांडं उचललं आणि ती आत गेली. दीप्ती ताटासमोर बसून राहिली.