ताटावरचा मळ

ताटावर घासलेलं फडकं काळं पडलं आणि अख्खा हॉल "अरे बापरे!" म्हणत पुढे झुकला. मागच्यांना दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर चढले. स्टेजवर आरसेबाबांनी ते फडकं दोन बोटांत धरून उंच केलं. टेबलावरचं अ‍ॅल्युमिनियमचं ताट असं लखलखत होतं, की त्यावर वाकलेल्या बाईला आपल्या भुवईचा केस न् केस दिसावा.

"लेप लावून कपाळाला टेकवलं, तेव्हा पांढरं होतं की नाही?"

"होतं!"

"मग हा मळ कुठून आला? हिच्या रक्तातून! गोळ्या-इंजेक्शनं आजार आत दाबतात, ताट त्याला बाहेर ओढतं. ज्या दिवशी फडकं पांढरं राहील, त्या दिवशी तुम्ही बरे. तोवर औषधाला हात लावलात, तर माझ्याकडे रडत येऊ नका!"

पहिल्या रांगेतल्या भूगोलाच्या मास्तरांनी मान खाली घातली. ते ताट त्यांनीच चमकवलं होतं. शाळा सुटली की घरामागच्या व्हरांड्यात जुन्या मोटरसायकलींचे भाग घासत बसायचं, हे त्यांचं वेड. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, तोही पाण्यात भिजवून. शेवटी पेस्ट आणि मऊ सुती फडकं. इंजिनाच्या झाकणात चेहरा दिसेपर्यंत मास्तर जेवायला उठत नसत. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का?"

आरसेबाबा तेव्हा बाबा नव्हते, शेजारच्या गल्लीतले भांडीवाले होते. एकदा हे ताट घेऊन आले, मास्तरांचं घासणं शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हा काळा मळ कधी संपतो हो?"

"मळ कुठला? पेस्टमधल्या बारीक कणांनी अ‍ॅल्युमिनियमच झिजतं, त्याची ही पूड. जन्मभर घासलंत तरी काळं निघत राहणार!"

मास्तरांना शिकवायची भारी हौस. शिष्यही भलताच हुशार निघाला.

पहिल्याच सभेत मास्तरांना सगळा डाव कळला होता. पण "ज्यांच्या हातून हे ताट उजळलं, ते आपले मास्तर!" असं म्हणत बाबांनी त्यांना पुढे बसवलं, टाळ्या पडल्या आणि मास्तरांना गुदगुल्या झाल्या. भूगोलाच्या तासाला कोण टाळ्या वाजवतं? लोकांना बरं वाटतंय, आपलं काय जातं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

काय जातं ते आता शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. त्यांची थोरली बहीण. ओठ सुकलेले, पाण्याची बाटली सारखी तोंडाला, ब्लाउज खांद्यावरून ओघळलेला. तिने इन्सुलिन बंद केल्याचं मास्तरांना आज सकाळी कळलं. दवाखान्यात चल म्हणून त्यांनी हातापाया पडून पाहिलं. ताई एकच म्हणत होती, "फडकं पांढरं पडू दे, मग चल म्हणशील तिथे येते."

तिचा नंबर आला तसे मास्तरही उठले. "फडकं मी धरतो."

"धरा की," बाबा हसले. "ताट तुमचंच आहे."

मास्तरांनी फडक्याला लेप लावला, ताईच्या कपाळाला टेकवलं आणि ताट सोडून थेट खिडकीच्या काचेवर खसाखसा घासलं. फडकं पांढरंच राहिलं.

"बाई बरी झाली!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईचे डोळे भरून आले. "झाले रे मी बरी?"

मास्तर तिच्याकडे वळले. "नाही गं, ताई."

त्यांनी दुसरं फडकं घेतलं, लेप लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीला टेकवलं आणि ताटावर घासलं. काळंकुट्ट.

"या खुर्चीला कसला आजार झालाय, बाबा?"

"कोणी पापी बसला असेल तिच्यावर!"

"मीच बसलो होतो," मास्तर म्हणाले. "तेवढं मात्र खरं बोललात."

कुणी हसलं नाही. तिसरं फडकं त्यांनी समोरच्या बाईंच्या हातात दिलं. कुणाच्या कपाळाला न टेकवता, नुसता लेप लावून बाईंनी ताट घासलं. तेही काळं.

"हा लेप म्हणजे पॉलिशची पेस्ट, वरून अत्तर. काळं निघतं ते तुमच्या रक्तातून नाही, ताटातून. तुमच्यातल्या एकाचंही फडकं कधी पांढरं पडणार नव्हतं. आजच्या आज आपापली औषधं सुरू करा."

मग मात्र लोक फडक्यांसाठी टेबलावर तुटून पडले. जो तो स्वतः घासून पाहू लागला. तेवढ्यात बाबांनी मागच्या दाराने काढता पाय घेतला.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" ताईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

दवाखान्यात सलाईन लागली, इन्सुलिन सुरू झालं. आणखी उशीर केला असतात तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरांनी मास्तरांना तोंडावर सुनावलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मी त्या बाबावर विश्वास ठेवलाच नव्हता रे. माझ्या भावाच्या हातचं ताट आहे, ते खोटं कसं असेल, असं वाटलं मला."

ताई घरी आली. मास्तर आता ते ताट घेऊन शाळेत, चौकात, जिथे बोलावतील तिथे जातात. फडकी वाटतात, घासायला लावतात आणि सांगतात, "चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोच प्रयोग दुसऱ्या कशावर तरी करून पाहा. काचेवर करा, खुर्चीवर करा. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने टाळ्यांच्या लोभाने गप्प बसू नये."

शेवटचं वाक्य बोलताना मास्तर ताटाकडे पाहत नाहीत. त्यात चेहरा फार स्वच्छ दिसतो.