शरबतातली अंगठी

गिझलान दोन वर्षांची असल्यापासून घरात तिच्या दम्याचे दोन पंप आहेत. नारिंगी रोजचा, बरं असलं तरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. निळा अडचणीचा, धाप लागली की घ्यायचा. सुरुवातीला तिच्या तोंडावर पंपाच्या नळकांड्याचा मास्क धरायचा म्हणजे कुस्तीच. तिची आई, माझी धाकटी बहीण झहिया, तिचे हात धरायची, मी गाणं म्हणायचे आणि पोर गल्लीला ऐकू जाईल असं रडायची. मग चार वर्षांची झाल्यावर तिने एकदा नळकांडं माझ्या हातातून ओढून घेतलं. "खाल्ती, तुला नीट धरता येत नाही," म्हणाली. आमच्याकडे मावशीला खाल्ती म्हणतात.

आमच्या आईला, म्हणजे गिझलानच्या मीमाला, नारिंगी पंप कधीच पटला नाही.

"धडधाकट पोरीला औषध कसलं देता? सवय लागेल."

"तुला कॉफीची लागलीय, तिचं काय?" मी विचारायचे.

"कॉफी काही मी छातीत ओढत नाही."

दर उन्हाळ्यात पोर छान खेळायला लागली की आई पंप बंद करायला लावायची, झहिया ऐकायची, आणि थंडी आली की आम्ही सगळ्या दवाखान्याच्या बाकावर. शेवटी झहियाने ऐकणं सोडलं.

यंदा गिझलानचा पहिला रोजा होता, रमजानच्या सत्ताविसाव्या दिवशी. अल्जीरियातल्या आमच्या तलेमसेन शहरात त्या दिवशी पोरीला नवरीसारखं सजवून उंच गाद्यांवर बसवतात, आणि सूर्य मावळला की अंगठी घातलेलं शरबत पाजून तिचा रोजा सोडवतात. मखमली कफ्तान मी शिवला. आईने स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून ठेवली. गिझलान महिनाभर दुपारपर्यंतचे अर्धे रोजे धरून सराव करत होती. झहिया सकाळीच शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे गिझलान उठायची तेव्हा घरी दोघीच, आजी आणि नात.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आईने निखाऱ्यांवर ऊद टाकला आणि खोली धुराने भरली. झहिया स्वयंपाकघरात हरीऱ्याचं सूप ढवळत होती. मी गिझलानला कफ्तान घातला, तिला गाद्यांवर बसवलं आणि पट्टा बांधायला वाकले, तर जरीच्या गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. पोर एकेक शब्द तोडून बोलत होती.

"धाप लागलीय तुला?"

तिने मान हलवली. नाही.

मी निखारे बाहेर नेले, खिडक्या उघडल्या, झहियाला हाक मारली. ती निळा पंप घेऊन धावत आली. गिझलानने ओठ घट्ट मिटले.

"रोजा... मोडेल."

"आजाऱ्याला माफ असतो गं, बाळा. तोंड उघड," झहिया म्हणाली.

"नाही. अंगठी... मिळणार नाही."

जबरदस्ती करावी तर ती रडणार, आणि रडली तर उरलासुरला श्वासही जाणार. ओठ निळसर दिसायला लागले होते. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आई दारात उभी होती. ती पुढे आली, ताटातला शरबताचा पेला उचलला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यातला मोठा घोट घेतला. आजवर तापातसुद्धा आईने रोजा मोडलेला मी पाहिला नव्हता.

"हा बघ, माझा मोडला," ती म्हणाली. "आता तू."

गिझलान तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंड उघडलं.

झहिया पंप देत राहिली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोर पुरं वाक्य बोलायला लागली होती. डॉक्टरीण बाईंनी वाफ दिली आणि विचारलं, "नारिंगी पंप रोज घेतेस ना?"

गिझलानने मीमाकडे पाहिलं.

"सकाळी उठते तेव्हा पोरीचा रोजा सुरू झालेला असतो," आई हळूच म्हणाली. "तीच नको म्हणायची, मी म्हटलं राहू दे. छान धावत होती."

"छान धावत होती ती त्या पंपामुळे, आजी. पहाटे सहरीच्या जेवणाला उठवून द्यायचा होता."

मला खूप बोलायचं होतं, पण आईचं तोंड बघून गिळलं.

ईद झाल्यावर आईने तो मोडलेला दिवस भरून काढायचा ठरवला. पहाटे ती सहरीला उठली, तर स्वयंपाकघरात गिझलान आधीच हजर, हातात नारिंगी पंप. पंप घेतला, चूळ भरली आणि म्हणाली, "मीमा, माझं झालं. आता तू खा."

शाळेतून आल्यावर तिने घरातल्या सगळ्या गाद्या एकावर एक रचल्या. सूर्य मावळायच्या वेळी आमच्या आईला, त्या वयात, हाताला धरून वर चढवलं. "पडेन मी," आई कुरकुरली, पण बसली. गिझलानने शरबताचा पेला तिच्या ओठांना लावला. तळाशी अंगठी होती.

"हळू पी," ती म्हणाली. "मी धरलाय."