जिवतीचा वेल

पौर्णिमा भातकुलीला कृषी खात्यात नोकरीला होती. दर पावसाळ्यात रानभाज्यांचा महोत्सव तीच भरवायची. "आपलं जुनं अन्न जपा," असं बायांना कळकळीनं सांगायची. पण घरी तिची सासू, माणिकबाई, बांधावरून ओटीभर कोवळा तरोटा, म्हणजे टाकळ्याची पानं, खुडून आली की हिच्या कपाळाला आठ्या पडत.

"आई, भाजीबाजार काय बंद पडलाय? लोक काय म्हणतील?"

एकदा तर पाहुण्यांसमोरच तिनं शिजवलेला तरोटा गाईपुढं नेऊन टाकला.  त्यानंतर माणिकबाईनं रानातून एक पानही घरी आणलं नाही.

एका श्रावणात साहेबांनी फर्मावलं, "महोत्सवात जिवतीच्या फुलांची भाजी पाहिजेच." पौर्णिमानं सगळे बचत गट पालथे घातले. फुलं कुणाकडेच नव्हती. शेवटी ती सासूपुढं उभी राहिली. माणिकबाई उठली आणि तिला शेतात घेऊन गेली.

सोयाबीन हिरवंगार होतं, बांध मात्र करपून पिवळा पडला होता. बोरीच्या झुडपावर एक वाळका वेल लोंबत होता.

"ही जिवती. माह्या सासूनं दाखवली होती मले."

"तणनाशक फवारलं कुणी?"

"तुया नवऱ्यानं. बांधावर कचरा दिसते, असं तूच म्हणे ना जीवनले?"

"मग मला सांगायचं होतं, आई."

"काय सांगू? तू एक दिवस या भाज्याइचं कौतुक करतं अन् बाकीचे दिवस त्याइले जाळतं. खाणारं तोंड गेलं का भाजी जाते, पोरी. मी हाओ तवर ओळखतो. माह्या मागं कोण ओळखीन?"



महोत्सवात जिवतीच्या भाजीच्या जागी त्या वेलाचं रंगीत चित्र लावलं गेलं. पाहुण्यांनी त्याचीच वाखाणणी केली. पौर्णिमा त्या चित्राशेजारी उभी होती आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

तिनं बांधावरची फवारणी बंद करवली. पुढच्या पावसाळ्यात सासूमागं हिंडून ती तरोटा, केना, घोळ ओळखायला शिकली. ऑफिसच्या डब्यातही तरोटा नेऊ लागली. जिवती मात्र पुन्हा उगवली नाही.

बंधुभगिनींनो, ताटातून हाकललेली भाजी रानातही टिकत नाही. ज्या हंगामात जे उगवतं, ते त्या हंगामात ओळखून खा. भाषणांनी एकही वेल जगलेला नाही.